मुंज्या : अपुरा संस्कार आणि अपुरी वासना

मराठी लोकसमजुतीतील भूतयोनींमध्ये मुंज्याचे स्थान वेगळे आहे. वेताळ भूतांचा राजा, ब्रह्मराक्षस विद्वान. मुंज्या मात्र केवळ पोर. मुंज झाली, परंतु सोडमुंजीपूर्वीच मरण आले, असा बटू पिंपळावर वस्ती करतो, अशी ही समजूत. नाशिक येथे १९०९ साली मारले गेलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या लोकविद्याविषयक टिपणांच्या आधारे आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली सिद्ध केलेल्या कोकणविषयक ग्रंथात तिची नोंद आढळते. परंपरेने योजलेला उपायही लक्षणीय आहे : पिंपळाची मुंज लावावी, त्याभोवती पार बांधावा. येथे भूत हाकलावयाचे नसते. त्याचे राहिलेले कार्य उरकून द्यावयाचे असते. अकाली गेलेल्या मुलाच्या आईबापांचा शोकच या विधीतून वाट काढतो, असे म्हणणे वावगे ठरू नये.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी भयविनोदी चित्रपटाने नेमका हा गाभा बदलला. १९५२ मधील कोकणातला गोट्या वयाने सात वर्षांनी मोठ्या असलेल्या मुन्नीवर जीव लावतो आणि तिच्या प्राप्तीसाठी सख्ख्या बहिणीचा बळी देऊ पाहतो. त्या प्रयत्नात तो स्वतःच मरतो व मुंज्या होतो. अपुऱ्या संस्काराच्या जागी अपुरी वासना आली. संगणकनिर्मित मुंज्याचा ‘लगीन’ लावण्याचा हट्ट हशा पिकवितो; पण तो हट्ट स्त्रीचा नकार न ऐकणाऱ्या पुरुषाचा आहे, हे ध्यानी येताच हसू आवरते. चित्रपटाचे बळ येथे आहे. शोकाला मात्र त्यात फारसा अवकाश उरत नाही.

भाषांतराचाही एक प्रश्न आहे. चित्रपटात मृत्यूची मर्यादा मुंडनापासून दहा दिवसांची सांगितली जाते. जबलपूरसारख्या नगरातील मराठी घरांना जनेऊ, मुंडन आणि मुंज यांतील अंतर शेजाराच्या नित्य परिचयाने ठाऊक असते. मुंडन हा केशांचा संस्कार. मुंज हा विद्येच्या उंबरठ्यावरचा. शब्द बदलला आणि त्याबरोबर त्या पोराचे काय राहून गेले, हेही बदलले. बळी जाता जाता वाचलेली बहीण चित्रपटात नायकाची आजी होऊन येते. जुन्या समजुतीत तिला जागा नव्हती. ही भर पटकथेची आणि मोलाची.