‘बरा हाय’च्या पुढे

पेणच्या कारखान्यांतून गणपती गावोगाव रवाना झाले की वाड्यांवर माणसं भेटण्याचे दिवस सुरू होतात. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून त्यांना दवाखान्याबद्दल काही विचारायचं असेल तर भाद्रपद-आश्विनातच. जानेवारीत कागद घेऊन आलेल्याला दाराला काट्या लावलेल्या झोपड्या भेटतात आणि तालुक्यात सगळ्यात जास्त हाल ज्यांचे होतात, नेमका त्यांचाच रकाना कोरा राहतो.

रायगडच्या रोहा तालुक्यातल्या अशाच एका वाडीवर मी गेले होते. आशाताईंनी वाट दाखवली आणि त्या दुसऱ्या घरी निघून गेल्या. हे आधीच ठरलं होतं. त्यांच्याही कामाबद्दल विचारायचं, तर त्या समोर बसलेल्या असताना कोण बोलेल?

“दवाखान्यात सेवा कशी मिळते, आजी?”

“बरा हाय.”

सात घरं झाली, सात वेळा ‘बरा हाय’ लिहिलं. त्या कागदावर विश्वास ठेवला असता, तर त्या वाडीला कसलीच अडचण नव्हती. पण ‘बरा’ म्हणजे चांगला नव्हे. पुढच्या तापालाही त्याच दारात जायचंय, त्याच सिस्टरसमोर बसायचंय. उगाच कशाला वाईटपणा घ्या, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ‘सेवा’ हा शब्दच मुळी कागदावरचा. आजींच्या घरात तो कधी कुणी उच्चारलेला नसणार.

माझ्याबरोबर आलेली कार्यकर्ती या कामात मुरलेली होती. तिनं कागद उलटा करून मांडीखाली ठेवला आणि विचारलं, “घरात शेवटचं कोण आजारी पडलं व्हतं? कुणाचं बाळंतपण झालं?”

आजी सुनेचं सांगू लागल्या. कळा मध्यरात्री सुटल्या. वाडीत मोबाइलला रेंज फक्त चढावरच्या आंब्याखाली. नातू अंधारात तिथे पळाला. पण नंबर कुठला लावायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून खालच्या गावातल्या मिनिडोरवाल्याला उठवलं. सून चादरीच्या झोळीतून सडकेपर्यंत आली. आरोग्य केंद्रात सिस्टर होत्या, डॉक्टर नव्हते. पाणी गेलंय, अलिबागला न्या, असं सांगितलं. पुन्हा तीच मिनिडोर. भाड्याचे पैसे भट्टीच्या मुकादमाकडून उचल म्हणून घेतले आणि ते फेडायला मुलगा त्या वर्षी दिवाळीसुद्धा न करता भट्टीवर गेला.

हे सगळं सांगताना आजींच्या आवाजात तक्रार नव्हती. बाळ जगलं, सून जगली, त्याचंच समाधान होतं. मी मात्र कागदावरचा ‘दवाखान्यात किती पैसे द्यावे लागले?’ हा प्रश्न बघत राहिले. आजींचं उत्तर ‘काय नाय’ आलं असतं, आणि ते खरंच होतं. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण 2011च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून मोफत आहे. औषधं, तपासण्या, जेवण आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची, तिथून मोठ्या रुग्णालयापर्यंतची, परत घरापर्यंतची गाडीसुद्धा. ऑगस्ट 2023पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत बाकीचे उपचारही निःशुल्क झाले. दवाखान्यानं खरोखरच एक पैसा घेतला नव्हता. पैसे गेले ते रस्त्यावर, आणि रस्त्याचा प्रश्न आमच्या कागदावर नव्हताच.

लोकांना दवाखान्याबद्दल विचारण्याचं हे काम महाराष्ट्रात नवं नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 साली ‘लोकाधारित देखरेख आणि नियोजन’ पाच जिल्ह्यांत सुरू झालं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं राज्यपातळीवर ते सांभाळलं आणि पुढे रायगडचाही त्यात समावेश झाला. गावातल्या लोकांनी मिळून दवाखान्याचं रिपोर्ट कार्ड भरायचं. हिरवा रंग म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. वाचता न येणारी बाईसुद्धा लाल ठिपक्यावर बोट ठेवू शकते. मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर सगळ्यांनी मिळून बोलायचं. मला यातलं ‘मिळून’ सर्वांत मोलाचं वाटतं. एकट्या आजी ‘बरा हाय’ म्हणतात. पंधरा बाया मांडीला मांडी लावून बसल्या की एकीचं वाक्य दुसरी पुरं करते आणि कोण बोललं हे कुणाला वेगळं काढता येत नाही.

केंद्र सरकारनं 2016 साली ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. रुग्णाला मोबाइलवर मेसेज येतो, फोन येतो, समाधान झालं का विचारतात. शहरात त्याचा उपयोग होत असेल. या वाडीत केस पेपरवर लिहिलेला नंबर शेजारच्या पोराचा असतो आणि मेसेज येतो तेव्हा ते पोर भट्टीवर असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच केंद्रातल्या सिस्टरांना भेटलो. आजींचं नाव न घेता काय घडलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या रात्री त्या एकट्या होत्या, आत आणखी एक बाळंतीण होती, आणि गाडी मागवायला त्यांनी फोन केला तेव्हा ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. “आम्हाला कुणी विचारतं का हो कधी?” त्या म्हणाल्या. मी तेही लिहून घेतलं. रुग्णाचं म्हणणं घेऊन नुसतं नर्सला दटावणं सोपं असतं. त्यानं रात्रीची दुसरी सिस्टर येत नाही. हे दोन कागद एकाच बैठकीत, रुग्ण कल्याण समितीसमोर ठेवले, तर काही हलेल असं वाटलं, आणि तसेच ते ठेवले.

वाडीवर परत जायला आम्हाला दीड महिना लागला. लोकांचं म्हणणं नेणारे पुष्कळ येतात, काय झालं ते सांगायला फारसं कुणी येत नाही. उशीर झाल्याची मला लाज वाटत होती. आजी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. सांगितलं, की रात्रीच्या दुसऱ्या सिस्टरची मागणी वर गेली आहे, अजून मंजूर नाही. केंद्राच्या दारावर गाडीचे नंबर मोठ्या अक्षरांत लावले आहेत.

“दारावर?” आजींनी सूप खाली ठेवलं. “पर नंबर तर हितं पायजे ना, बाय.”

नातू चुलीतला कोळसा घेऊन आला. मी सांगत गेले आणि त्यानं कुडाच्या भिंतीवर, आजीच्या खांद्याच्या उंचीला, हातभर मोठे आकडे काढले. बाळंतपणाला 102. साप चावला, कुणी पडलं-झडलं तर 108. पहिल्या आकड्याशेजारी आजींनी त्याला एक पोटुशी बाई काढायला लावली, आणि दुसऱ्याशेजारी साप.