सात-सात झाल्यावर...

स्पर्धेचे शेवटचे दिवस आले, की स्नूकरच्या गॅलरीत एकच चर्चा रंगते. ‘हा पोरगा पुढे जाणार का?’ २०१४ मध्ये बंगळुरूत एका चौदा वर्षांच्या मुलाने जगज्जेतेपद पटकावले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना सोपे वाटले होते!

नोव्हेंबर २०१४. बंगळुरूत हौशी खेळाडूंची जागतिक स्नूकर स्पर्धा अकरा दिवस चालली होती. देशोदेशींचे खेळाडू एकेक करून बॅगा भरून परतले आणि शेवटी टेबलापाशी उरले फक्त दोघे. एक होता पाकिस्तानचा मुहम्मद सज्जाद. दुसरा चीनचा यान बिंगताओ, वय वर्षे अवघे चौदा! आपल्याकडे या वयाचा मुलगा नववीत असतो आणि सहामाहीच्या गुणपत्रिकेवर वडिलांची सही घ्यायची कशी, या विवंचनेत असतो.

पंधरा फ्रेमचा अंतिम सामना. जो आधी आठ फ्रेम घेईल, तो जिंकला. सामना सात-सात असा बरोबरीत आला. म्हणजे दहा-अकरा दिवसांची सगळी मेहनत एका शेवटच्या फ्रेमवर येऊन ठेपली. बक्षीसही साधेसुधे नव्हते. विजेत्याला मिळणार होते व्यावसायिक स्नूकरच्या दौऱ्याचे दोन वर्षांचे तिकीट. जे खेळाडू टीव्हीवर पाहायचे, त्यांच्याशी त्यांच्याच टेबलावर दोन हात करण्याचा परवाना म्हणा ना! आणि हरणाऱ्याला? उपविजेतेपद आणि परतीचे विमान.

ती फ्रेम यानने घेतली. ८-७. जागतिक हौशी स्नूकरच्या इतिहासातला तोपर्यंतचा सर्वांत लहान विजेता बंगळुरूत ठरला.

घरच्या गावात स्पर्धा, पण अंतिम फेरीत भारतीय एकही नाही. अशा वेळी प्रेक्षक घरी जातील असे वाटेल. पण हा खेळ पाहणाऱ्यांची जात वेगळी. आपला माणूस हरला, की त्यांना उलट मोकळे वाटते. मग ते निवांतपणे दुसऱ्यांच्या पोरांची पारख करायला बसतात.

बाय-टू कॉफी आणि अंदाज

क्रिकेटच्या मैदानावर शेजारच्याच्या कानात ओरडून मत सांगता येते. स्नूकरमध्ये ती सोय नाही. खेळाडू वाकून नेम धरत असताना नुसते खोकले, तरी पंच वळून बघतो. त्यामुळे सगळी मते पोटात साठवून ठेवायची आणि मध्यंतर झाले की बाहेर येऊन मोकळी करायची. बंगळुरूत यासाठी ‘बाय-टू कॉफी’सारखी सोय नाही. एक कॉफी दोघांत वाटून घ्यायची आणि तेवढ्यात तिघाचौघांचे भवितव्य ठरवून टाकायचे!

नवख्या प्रेक्षकाला वाटते, चेंडू पॉकेटमध्ये गेला म्हणजे झाले. मुरलेला प्रेक्षक पॉकेटकडे बघतच नाही. तो पांढऱ्या चेंडूकडे बघतो. लाल चेंडू गेला ठीक आहे, पण पांढरा थांबला कुठे? पुढच्या काळ्यावर नेम धरायला सोयीचा आहे का? त्याच्यापुढचा लाल दिसतो आहे का? बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबलावर पांढऱ्याला हव्या त्या जागी वितभर अंतरात आणून उभे करणे, ही खरी कला. पंधरा लाल चेंडू, प्रत्येक लालनंतर सात गुणांचा काळा आणि शेवटी सगळे रंगीत चेंडू असे एका दमात घेतले, की १४७ गुण होतात. जो मुलगा तीन-चार चेंडू पुढचा विचार करून खेळतो, त्याच्याकडे बोट दाखवून जाणकार म्हणतात, ‘याच्यावर लक्ष ठेवा.’

पण याहूनही बारकाईने बघितली जाते ती खुर्ची. हो, खुर्ची! स्नूकरमध्ये एक जण खेळत असतो, तेव्हा दुसऱ्याने कोपऱ्यातल्या खुर्चीत नुसते बसायचे असते. टेनिसमध्ये निदान समोरून आलेला चेंडू परतवता येतो. फलंदाजाने झोडपले, तरी गोलंदाजाला पुढचा चेंडू टाकता येतो. इथे मात्र समोरचा शंभर गुण करीत असला, तरी तुम्ही पाण्याचा घोट घ्यायचा, क्यूच्या टोकाला खडू लावायचा आणि वाट पाहायची. कधी पाच मिनिटे, कधी पंधरा. त्या वेळात मुलगा काय करतो? छताकडे बघतो? प्रशिक्षकाला शोधतो? पाय हलवतो? की शांतपणे टेबलावर नजर ठेवून असतो? पुष्कळ गुणी मुले टेबलावर नव्हे, या खुर्चीत हरतात. आणि चौदाव्या वर्षी, सात-सात असताना, ती खुर्ची किती टोचत असेल!

तिसरी कसोटी संयमाची. नेम लागणारच नाही असे दिसत असताना चेंडू मारण्याचा मोह टाळायचा आणि पांढरा चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लपवून ठेवायचा. याला ‘सेफ्टी’ म्हणतात. तरुण पोरांना याचा कंटाळा येतो. गॅलरीतल्या वडीलधाऱ्यांना मात्र हाच भाग आवडतो, कदाचित स्वतःच्या तरुणपणी त्यांनीही तो टाळला म्हणून.

उटीहून बंगळुरू फार दूर नाही

हा खेळ साहेबाने विलायतेतून आणला, असा समज आहे. बिलियर्ड्सबाबत तो खरा. पण स्नूकरचा जन्म आपल्याच मातीतला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळांत आणखी रंगीत चेंडू घालून हा नवा प्रकार सुरू केला. ‘स्नूकर’ हा लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या विद्यार्थ्यासाठी वापरला जाणारा थट्टेचा शब्द. पुढे उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लागले. उटीहून बंगळुरू मोटारीने एका दिवसाच्या वाटेवर. छावणीचे गाव, जुने क्लब, निवांत हवा. खेळ इथे रुजला नसता तरच नवल!

आज कर्नाटक राज्य बिलियर्ड्स संघटनेचे सभागृह हे या खेळाचे देशातले एक मोठे ठाणे मानले जाते. २००८ मध्ये जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा बंगळुरूत झाली, तेव्हा पंकज अडवाणीने वेळेची आणि गुणांची अशी दोन्ही विजेतेपदे जिंकली. २०१६ मध्ये पुन्हा इथेच त्याने सिंगापूरच्या पीटर गिलख्रिस्टला हरवून बिलियर्ड्सचे आणखी एक जागतिक विजेतेपद मिळवले.

पंकज बंगळुरूचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचा जन्म पुण्याचा, १९८५ चा. योगायोग असा, की बिलियर्ड्समधला भारताचा पहिला जगज्जेता विल्सन जोन्स यांचाही जन्म पुण्यातलाच. जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा जगज्जेते झाले. त्यांनी १९८१ मध्ये पद्मश्री नाकारली होती. क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि आम्हाला पद्मश्री का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तो सवाल गॅलरीत अजूनही अधूनमधून निघतो.

‘पोरगा पूल खेळायला जातो’

हे वाक्य मराठी घरात आजही चांगल्या सुरात उच्चारले जात नाही. क्लबातले बिलियर्ड्स म्हणजे बड्यांचा शौक आणि गल्लीतले पूल पार्लर म्हणजे उनाडांचा अड्डा, अशी सरळ विभागणी. अंधारी जागा, सिगारेटचा धूर, तासावर पैसे आणि कोपऱ्यात चाललेली पैज. आईला काळजी वाटणारच.

पंकजची सुरुवातही पार्लरमधूनच झाली. वयाच्या दहाव्या वर्षी मोठ्या भावाबरोबर, श्रीबरोबर, तो खेळ बघायला गेला आणि तिथेच रमला. हे वाचून कुणी लगेच मुलाच्या हाती क्यू देऊ नये, कारण गोष्ट इथे संपत नाही. माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सावूर यांच्यासारखा कडक गुरू त्याला मिळाला. शाळा सुटली नाही, महाविद्यालयही झाले. भाऊ पुढे क्रीडा मानसशास्त्रज्ञ झाला आणि त्याच्या पाठीशी उभा राहिला. २००३ मध्ये चीनमध्ये पंकज हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याआधी ओम अगरवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिनला हे विजेतेपद मिळवले होते. मधली एकोणीस वर्षे आपण नुसते अंदाजच करीत होतो!

पंकजने व्यावसायिक दौराही अनुभवला. पण दोन हंगामांनंतर, २०१४ मध्ये, तो सोडून दिला. मायदेशी राहून बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्ही खेळायचे त्याने ठरवले. यावर चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, आणखी चार वर्षे इंग्लंडमध्ये काढली असती, तर तो पहिल्या सोळांत असता. दुसरा म्हणतो, २०२४ अखेर २८ जागतिक विजेतेपदे झाली, आणखी काय हवे? दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही. मुंबईच्या आदित्य मेहताचे उदाहरणही या वादात हमखास येते. २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये तो अंतिम फेरीपर्यंत गेला. व्यावसायिक मानांकन स्पर्धेत इतकी मजल मारणारा तो पहिला भारतीय. तिथे डिंग जुनहुईने त्याला ५-० असे हरवले. पण त्या आठवड्यात दिल्लीत जे बसले होते, ते आजही ती तारीख सांगतात.

मुलींचे नाव या चर्चेत उशिरा येते, हेही खरे. बंगळुरूची विद्या पिल्ले २०१७ मध्ये सिंगापूरला महिलांच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि हाँगकाँगच्या एन्ग ऑन यीकडून ६-५ अशी हरली. तिथेही शेवटची फ्रेम! तिच्या त्या पराभवावर जेवढे बोलायला हवे होते, तेवढे कुणी बोलले नाही.

अंदाज चुकतात कुठे?

आता पुन्हा त्या चिनी मुलांकडे. यानच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, लॅटव्हियात झोउ युएलोंग हा पंधरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला होता. त्याने अंतिम फेरीत आपल्याच देशाच्या झाओ शिनतोंगला हरवले होते. २०१५ मध्ये इजिप्तच्या हुरघाडा इथे झाओ पुन्हा अंतिम फेरीत आला आणि या वेळी पंकजने त्याला ८-६ असे हरवले. म्हणजे तीन वर्षांत तीन चिनी मुले पुढे आली. दोघे जगज्जेते आणि तिसरा दोनदा हरलेला. कुणी पैज लावायला सांगितली असती, तर तिसऱ्यावर कोण लावणार?

यान तर सुसाट निघाला. २०१५ मध्ये झोउबरोबर त्याने चीनच्या दुसऱ्या संघाकडून सांघिक विश्वचषक जिंकला. २०१९ मध्ये रिगाची मानांकन स्पर्धा घेतली. जानेवारी २०२१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने जॉन हिगिन्ससारख्या दिग्गजाला १०-८ असे हरवून ‘मास्टर्स’ जिंकली. बंगळुरूत त्याला पाहिलेल्यांनी तेव्हा कॉलर ताठ केली असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा? आम्ही याला चौदाव्या वर्षी ओळखले होते!

आणि मग घात झाला. सामने आधीच ठरवून खेळण्याच्या आणि सट्टेबाजीच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंची चौकशी झाली. जून २०२३ मध्ये शिक्षा जाहीर झाल्या. दोघांना तर जन्माची बंदी. यानवर पाच वर्षांची बंदी आली. त्या दहांत झाओही होता. त्याने स्वतः सामना विकला नव्हता, पण दुसऱ्याच्या गैरव्यवहारात सामील झाल्याचे आणि पैजा लावल्याचे त्याने कबूल केले. त्याला वीस महिने बाहेर बसावे लागले.

म्हणजे पार्लरच्या कोपऱ्यातली जी पैज बघून आईच्या पोटात गोळा येतो, तीच थेट मास्टर्स विजेत्यापर्यंत पोहोचली होती. पांढरा चेंडू कुठे थांबला, खुर्चीत मुलगा कसा बसला, हे सगळे गॅलरीतून दिसते. त्याच्या खोलीत रात्री कुणाचा फोन येतो, ते दिसत नाही.

बंदी संपल्यावर झाओ हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेरीपासून खेळला. एकेक टप्पा पार करीत तो शेफिल्डच्या क्रुसिबल थिएटरात पोहोचला आणि मे २०२५ मध्ये मार्क विल्यम्सला १८-१२ असे हरवून व्यावसायिक स्नूकरचा जगज्जेता झाला. चीनचा, किंबहुना अवघ्या आशियाचा, पहिला. डिंगकडून वीस वर्षे जे अपेक्षित होते, ते दोनदा हरलेल्या या मुलाने केले.

बंगळुरूच्या गॅलरीत त्यानंतर जुन्या अंतिम सामन्यांची उजळणी न झाली तरच आश्चर्य! झाओ विजेता झाला, तेव्हा त्याचे वय होते २८. यानची बंदी डिसेंबर २०२७ मध्ये संपते. त्या दिवशी तो २७ वर्षांचा असेल.