रात्रीची गळमासेमारी : धरणातील 'शार्क' शिवडा आणि घ्यावयाची काळजी

समुद्रकाठच्या काही देशांत रात्री वाटाड्या बरोबर घेऊन किनाऱ्यावरून शार्क मासे गळाला लावण्याचा छंद आहे. आपल्या कोकणात लहान शार्कला मुशी म्हणतात. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु आपल्या धरणांत आणि गोदावरीच्या डोहांत एक असा मासा आहे की ज्याला जाणकार 'गोड्या पाण्यातील शार्क' म्हणतात. हा मासा म्हणजे शिवडा. काही भागांत त्याला पहाडी असेही म्हणतात. शास्त्रीय नाव वॅलागो अट्टू. उन्हाळ्याच्या रात्री धरणाच्या काठी गळ टाकून बसणारे तरुण याच माशाच्या मागे असतात. या मासेमारीत जिवाचा धोका आहे, तसाच माशाच्या वंशाचाही आहे. म्हणून ही माहिती देत आहोत.

शिवडा कसा ओळखावा ?

शिवड्याच्या अंगावर खवले नसतात. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे व चंदेरी असते. तोंड फार मोठे असून जबड्याची चीर डोळ्याच्याही मागे जाते. जबड्यात बारीक, आत वळलेल्या दातांचे पट्टे असतात. मिशांच्या दोन जोड्या असून त्यांपैकी वरची जोडी लांब असते. पाठीवरचा पर अगदी लहान, तर पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांब पसरलेला असतो.

गळाला मागूर लागल्यास फरक सहज कळतो. मागुराला मिशांच्या चार जोड्या असतात आणि पाठीवरचा पर लांब असतो. परदेशी आफ्रिकन मागुराच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे. असा मासा सापडल्यास तो पुन्हा पाण्यात सोडू नये. शेततळ्यात तर कधीही टाकू नये.

रात्रीच का सापडतो ?

शिवडा दिवसा खोल पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या आणि खडकांच्या आडोशाला पडून राहतो. अंधार पडला की भक्ष्यासाठी बाहेर निघतो. गढूळ पाण्यात व अंधारात त्याला मिशांचा आणि वासाचा उपयोग होतो. लहान मासे आणि झिंगे हे त्याचे मुख्य खाद्य. लहान मासे उथळ काठाला आले की त्यांच्या मागे तोही येतो. त्यामुळे काठावरून टाकलेला गळ त्याच्यापर्यंत पोचतो.

हाच गुण शेततळ्यात अवगुण ठरतो. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडलेल्या तळ्यात शिवडा शिरला तर तो बोटुकली फस्त करतो. धरणातून पकडलेला शिवडा हौसेखातर शेततळ्यात सोडणे म्हणजे शेळ्यांच्या कळपात लांडगा सोडण्यासारखे आहे.

परवानगी आणि वाटाड्या

धरणातील मासेमारीचा हक्क सर्वसाधारणपणे मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. धरण सरकारी आहे म्हणून कोणीही गळ टाकावा, असे नाही. प्रथम संस्थेची परवानगी घ्यावी आणि संस्थेच्याच एखाद्या अनुभवी सभासदास बरोबर न्यावे. त्यास योग्य मेहनताना द्यावा.

वाटाड्याची गरज का आहे, हे नीट समजून घ्या. माजलगावचे धरण सिंदफणा नदीवर आहे आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येते. पाण्याची पातळी वर-खाली होत राहते. कोणत्याही धरणाच्या बुडीत क्षेत्रात जुन्या विहिरी, नाले व खड्डे असू शकतात. पाणी ओसरल्यावर काळ्या मातीचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दिवसा जे दिसते ते रात्री दिसत नाही. कोठे उभे राहावे आणि कोठे पाऊलही टाकू नये, हे तेथे रोज जाळे टाकणाऱ्यालाच माहीत असते.

साहित्य आणि पद्धत

1) जाड तंगूस, मजबूत गळ, शिसे आणि आमिषासाठी लहान मासा किंवा झिंगा एवढे साहित्य पुरेसे आहे.

2) जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी. काठ टणक व उघडा असावा.

3) तंगूस हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. मोठा मासा हिसका देतो तेव्हा माणूस पाण्यात ओढला जातो.

4) मासा लागल्यास त्याला दमू द्यावे. त्याच्या मागे पाण्यात उतरू नये.

5) माशाच्या तोंडात बोटे घालू नयेत. गळ पकडीने काढावा.

6) एकट्याने जाऊ नये. दारू पिऊन तर मुळीच जाऊ नये. दोन विजेऱ्या, लांब दोर आणि हवा भरलेली मोटारीची ट्यूब जवळ ठेवावी. कोणी बुडत असल्यास उडी न टाकता दोर किंवा ट्यूब फेकावी.

7) पायात उंच बूट असावेत. काठावरच जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. सर्पदंशाची शंका आली तरी जखम कापण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे.

सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे. पाण्यात विजेची तार सोडणे म्हणजे स्वतःच्या मरणाला बोलावणे होय.

बियाणे राखा

शिवडा पावसाळ्यात अंडी घालतो. नद्यांना पूर आला की अंड्यांनी भरलेल्या माद्या प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ पाण्यात चढतात. नेमक्या याच वेळी त्या सहज सापडतात. अशी एक मादी मारली तर तिची पुढची सगळी पिढी जाते. समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामागे हाच विचार आहे. जून ते ऑगस्ट या काळात शिवड्यासाठी गळ टाकू नये.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाने 2019 मध्ये शिवड्याची नोंद संकटाकडे झुकलेल्या, म्हणजे असुरक्षित जातींत केली आहे. आपल्या जिल्ह्यात अवर्षणाची भर पडते. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरण आटते तेव्हा उरलेल्या डबक्यात सारे मासे गोळा होतात आणि ते पकडणे फार सोपे जाते. अशा वर्षी हात आखडता घेतला नाही, तर पुढे धरण भरले तरी त्यात शिवडा असेलच असे नाही.

म्हणून खाण्यापुरता मध्यम मासा ठेवावा. फार लहान आणि फार मोठा मासा सोडून द्यावा. सोडताना हात ओले करावेत, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा, कल्ल्यात बोटे घालून लोंबकळत धरू नये. गळ खोल गेला असल्यास ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापावी. मासा हातात डोलू लागला आणि स्वतः निसटला म्हणजे तो सावरला असे समजावे.

शेतकरी पेरणीसाठी राखलेले बियाणे दुष्काळातही दळायला काढत नाही. धरणातील मोठी मादी हेही बियाणेच आहे, हे लक्षात ठेवावे.