गोठ्यातला पॉवर टिलर

आमच्या कृष्णाकाठच्या गावात जुन्या यंत्राचं भवितव्य भंगारवाल्याच्या काट्यावर ठरतं. किलोला इतके रुपये, की विषय संपला. आमच्या गोठ्यातल्या पॉवर टिलरचंही तेच होणार होतं. तो वाचला कसा, आणि असं यंत्र पुन्हा चालू करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आज सांगावंसं वाटतं. मी काही मिस्त्री नव्हे. बी.ए. होऊन शहरात कारकुनी केलेला, कविता लिहिणारा माणूस. पण वर्षभर रॉकेलने हात काळे केल्यावर चार गोष्टी कळल्या.

आम्ही बागवान. बाग लावायची आणि बागेतलं विकायचं हा पिढ्यांचा उद्योग. दोन एकरांत वांगी, मेथी, कोथिंबीर, कडेला पेरूची झाडं. एवढ्या जागेत मोठा ट्रॅक्टर वळायला गेला की दोन वाफे मोडतो. 1972 च्या दुष्काळात आमची बैलजोडी गेली. त्यानंतर काही वर्षं दुसऱ्यांच्या बैलांवर निभावलं आणि 1981 मध्ये अब्बांनी पॉवर टिलर घेतला. कर्ज बँकेचं होतं, पण आधी भरायच्या रकमेसाठी अम्मीच्या पाटल्या गेल्या. घरात टिलरला कुणी नाव ठेवलं, की अम्मी आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघायची. नाव ठेवणारा गप्प बसायचा.

पॉवर टिलर म्हणजे दोन चाकांचा ट्रॅक्टर. माणूस त्याच्यामागून चालतो. पुढे एका सिलिंडरचं आडवं डिझेल इंजिन. त्याची ताकद व्ही बेल्टवरून क्लचला, तिथून गिअरबॉक्सला आणि चाकांना. मागे एक आडवा दांडा फिरतो, त्यावर वाकडी पाती बसवलेली असतात. ती माती कापतात, फेकतात, भुसभुशीत करतात. दोन्ही मुठींखाली एकेक लिव्हर असतो. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद सुटते आणि यंत्र डावीकडे वळतं. मात्र तीव्र उतारावर याच्या उलट घडतं. तिथं इंजिन चाकांना ओढत नसतं, धरून ठेवत असतं. त्यामुळे डावं चाक सोडलं की तेच पुढे पळतं आणि यंत्र उजवीकडे जातं. नवशिका माणूस ओढ्यात जातो तो इथेच.

फिरत्या पात्यांची ही कल्पना ऑस्ट्रेलियातली. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने 1912 च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधल्या वडिलांच्या शेतावर तिचे प्रयोग केले. सुरुवातीची पाती माती बाजूला उधळून द्यायची. पुढे त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती अंतराअंतरावर बसवली, तेव्हा काम जमलं. 1938 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तिथं त्याची कंपनी उभी राहिली. आज आपला शेतकरी ‘रोटाव्हेटर’ म्हणतो, तो शब्द त्याच परंपरेतला. इंग्रजीत तो उलट वाचला तरी तोच राहतो. आपल्याकडे ‘चिमा काय कामाची’ म्हणतात, तसा! दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या लहान भातखाचरांत पॉवर टिलर पसरले. भारतात बंगळूरच्या व्ही.एस.टी.ने 1967 पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने आणि केरळच्या ‘कामको’ने 1973 नंतर कुबोटाच्या तंत्राने ते बनवले. तुकड्यातुकड्यांच्या शेतीला ते मानवले.

आता आमच्या टिलरकडे येतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात तो गोठ्यासकट पाण्याखाली गेला. पाणी ओसरलं तेव्हा घरातला चिखल काढायचा, की यंत्रातला? आधी घर. मग रब्बीची धावपळ, मग 2020 ची टाळेबंदी. पुराचं पाणी यंत्राला मारतं त्याहून जास्त नंतरची चालढकल मारते, हे मला मिस्त्रीने सांगितलं. पाण्यात असेपर्यंत लोखंडाला हवा कमी मिळते. बाहेर आल्यावर ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि गंज धावतो. पहिल्याच आठवड्यात तेल-पाणी काढून नवं तेल भरलं असतं, तर अर्धा खर्च वाचला असता.

2021 च्या दिवाळीनंतर आम्ही काम काढलं. तेलाचा बोल्ट सैल केला तर ताकासारखं पांढरट पाणी आलं. पिस्टन जाम. अशा वेळी हँडल मारून जोर करायचा नाही. रिंगा तुटतात, दांडा वाकतो. नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल सिलिंडरमध्ये सोडायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हाताने जरा पुढे, जरा मागे. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. अकराव्या दिवशी ते बोटभर हललं. कवितेची एखादी ओळ अडते तेव्हा मी इतका धीर कधी धरला नव्हता.

पुढचं काम सरळ, पण किचकट. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवेला साधारण विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. दाब तीन वाटांनी निसटतो : रिंगांतून, व्हॉल्व्हमधून आणि हेडच्या पॅकिंगमधून. लायनर आणि रिंगा नव्या टाकल्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवले, नोझलचा फवारा तपासून घेतला. डिझेलची टाकी धुतली तर तळाशी कृष्णामाईचा गाळ. नळीत हवा राहिली तर इंजिन धरत नाही, म्हणून नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा मात्र वाद झाला. मला तो टिलर 1981 सारखा लालभडक हवा होता, अब्बांच्या आठवणीसाठी. धाकटा भाऊ म्हणाला, “भाई, तुझ्यासाठी ही आठवण आहे. माझ्यासाठी एकतीस वर्षांची वेठ आहे.”

मी गप्प झालो. 1988 मध्ये मी बी.ए. होऊन शहरात गेलो, त्याच वर्षी मुठी त्याच्या हातात आल्या. त्या रात्री मी हिशेब मांडला. पात्यांची रुंदी साठ सेंटीमीटर. एक एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. भागिले तर एक एकर एकदा नांगरायला पावणेसात किलोमीटर चाल, तीही ढेकळांतून, थरथरत्या मुठी धरून. आमची दोन एकरं आणि एका हंगामात दोन-तीन पाळ्या. गुणाकार मी पुढे केला नाही. त्याच्या बोटांना रात्री मुंग्या येतात, थंडीत ती पांढरी पडतात. वर्षानुवर्षं हादरे बसल्याने असं होतं, असं डॉक्टर म्हणतात. इतकी वर्षं मी अब्बांच्या कष्टांवर कविता लिहिल्या. भावाच्या हातांवर एकही नाही.

मग आम्ही ठरवलं : रंग द्यायचा नाही, गंज घासून नुसतं तेलाचं बोट फिरवायचं. मुठींवर जाड नवं रबर बसवायचं. नांगरट भाड्याच्या छोट्या ट्रॅक्टरने करायची. टिलरने फक्त पेरूच्या झाडांमधली पट्टी आणि गरज पडली तर बेल्ट लावून पाण्याचा पंप. एका वेळी अर्ध्या तासाहून जास्त मूठ धरायची नाही.

पहिलं हँडल भावानेच मारलं. अंगठा दांड्याभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवून. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, हे अब्बांचं पहिलं शिक्षण. इंजिनावर एक खटका असतो. तो दाबला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, दाब धरत नाही आणि हँडल हलकं फिरतं. वेग आला की खटका सोडायचा. भावाने तो सोडला. दोन वेळा नुसता पांढरा धूर आला. तिसऱ्या वेळी इंजिनाने धरलं. अम्मी ओसरीवर खुर्चीत होती. आवाज ऐकून तिने विचारलं, “कोण चालवतंय?” भाऊ म्हणाला, “मीच गं.” ती म्हणाली, “मग बंद कर आता, हात दुखतील.”

हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा. दुरुस्तीचा खर्च भंगाराच्या भावाच्या कितीतरी वर गेला. तरी तुमच्या गोठ्यात, परड्यात असं काही गंजत पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तेलाचा बोल्ट उघडून बघा आणि फ्लायव्हील हाताने हलतंय का ते पाहा. आणि ते यंत्र इतकी वर्षं ज्याने चालवलं, त्याला आधी विचारा. मी ते शेवटी विचारलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)