गवत कापण्याआधी आणि कापल्यानंतर

जाफराबादेत राखलेली हिरवळ असलेली घरं थोडी. बहुतेकांकडे घरामागचा रिकामा प्लॉट असतो, गोठ्याभोवतीची जागा असते, नाहीतर पूर्णा-केळणेच्या काठाकडचा एखादा बांध. काळी चिकट जमीन. आषाढात दोन पाऊस बरे झाले की हराळी, लव्हाळा, केना माजतो आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून गाजरगवत. 1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी हिरवळ कापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते चाकांचं यंत्र आमच्या ढेकळांतून ढकलणं अवघड. इथे खरा उपयोगी तो पट्ट्याने खांद्याला अडकवायचा पेट्रोलचा ग्रास कटर.

यंत्र सुरू करण्याआधी मी प्लॉटभर फिरून दगड, बाटल्या, तारेचे तुकडे वेचतो. हा वेळ वाया गेला असं कधीच वाटलं नाही, कारण फिरत्या पात्याने उडालेला खडा गोळीसारखा येतो. गॉगल, गमबूट आणि लांब बाह्या हव्यातच. मुलं आणि जनावरं पार दूर. भिंतीच्या कडेला नायलॉनची दोरी लावावी, जाड बुंध्यांना तीन दातांचं पातं. माझ्या यंत्राचं पातं वरून पाहिलं तर डावीकडे फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा. कापलेलं गवत साफ झालेल्या बाजूला पडत जातं. पात्याचा पुढचा उजवा भाग मात्र बुंध्याला लावायचा नाही. तिथे टणक काही लागलं की यंत्र जोरात उलटं फेकलं जातं.

गाजरगवताची वेळ चुकवू नये. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेलं हे झाड आज गल्लोगल्ली आहे. एकेक झाड हजारो बिया देतं, तेव्हा पांढरी फुलं येण्याआधीच ते काढायला हवं. कटरने नुसता शेंडा जातो, बुडखा पुन्हा फुटतो. पाऊस पडून माती ओली झाली की हातमोजे घालून मुळासकट उपटणंच खरं. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. यंत्र आलं म्हणून खुरपं अडगळीत टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलमधूनच. यंत्राच्या पुस्तिकेत 25:1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. अंदाजाने ओतायचं नाही, मापानेच घ्यायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. काम संपल्यावर इंजिन गार होऊ द्यायचं, प्लगची टोपी काढायची आणि मगच पात्याला हात लावायचा. ओलं गवत पात्याच्या बुडाशी गुंडाळून बसतं, ते सोडवायचं. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचा. पात्याजवळच्या गिअरपेटीत अधूनमधून ग्रीस भरायचं. हेच सर्वात जास्त विसरलं जातं.

जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि यंत्र ढिम्म हलत नाही, तेव्हा दोष बहुधा टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलचा असतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. शिवाय पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसतो. म्हणून दसऱ्यानंतर टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, पात्याला ऑइलचा हात फिरवावा आणि मिश्रण पुढच्या पावसाळ्यात नव्यानेच करावं.