दिवाणखान्यातली गिटार आणि तिची डागडुजी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्याला ‘पार्लर’ म्हणत, आणि तेथे, बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती वाजणाऱ्या लहान चणीच्या गिटारीला पुढच्या काळात ‘पार्लर गिटार’ हे नाव मिळाले; तिच्या काळी मात्र ती नुसतीच गिटार होती, कारण तिच्याहून फारशी मोठी गिटार तेव्हा कोणी करीत नसे. या वाद्याचा सर्वांत जुना अखंड कारखाना मार्टिन घराण्याचा. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन येथे सुताराच्या घरी १७९६ मध्ये जन्मलेला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफरच्या हाताखाली तयार झाला. गावी परतल्यावर गिटारी करण्याचा हक्क सुतारांना नसून आपल्यालाच आहे, असा व्हायोलिनकारांच्या व्यवसायसंघाने धरलेला हट्ट वर्षानुवर्षे चालला, आणि १८३३ मध्ये मार्टिन न्यूयॉर्कला निघून गेला. काही वर्षांतच त्याने पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावाजवळ बस्तान हलवले, तरी गिटारींवर न्यूयॉर्कचा शिक्का १८९८ पर्यंत उमटत राहिला, त्यामुळे केवळ शिक्का वाचून वाद्याचे जन्मस्थान सांगू पाहणारा हमखास फसतो.

या गिटारीची खरी कारागिरी वरून दिसत नाही. मार्टिनच्या ‘अडीच’ क्रमांकाच्या आकाराची पेटी सर्वांत रुंद भागी सुमारे साडेअकरा इंच भरते. तिची तबली, म्हणजे तारांचे कंपन झेलणारी वरची फळी, स्प्रूस या मऊ सूचिपर्णी लाकडाची आणि अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. एवढी पातळ फळी ताणाखाली वाकू नये म्हणून तिला आतून बारीक पट्ट्यांचा आधार देतात, आणि तो आधार जितका हलका ठेवता येईल तितका आवाज मोकळा होतो. या पट्ट्या काही गिटारींत पंख्यासारख्या पसरलेल्या, तर १८४० च्या दशकापासून मार्टिनच्या काही गिटारींत गुणाकाराच्या चिन्हासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या आढळतात. हा सारा हिशेब तातीच्या, म्हणजे आतड्यापासून केलेल्या, तारांसाठी मांडलेला होता, आणि तशा सहा तारांचा एकूण ताण साधारण चाळीस किलोंच्या आसपास असतो. पुढे पोलादी तारांची चाल पडली, त्यांच्या हलक्या संचाचा ताणही सत्तर किलोंच्या घरात जातो, आणि हौशी मालकांनी त्याच तारा जुन्या पेट्यांवर चढवल्यावर तबलीला पोक आले, घोडी उखडली, मान पुढे झुकली. जुन्या गिटारींची दुखणी बहुतांशी या एकाच चुकीतून आलेली असतात.

ही दुखणी बरी होतात, याचे श्रेय सरसाला द्यावे लागते. जनावरांच्या कातड्यापासून काढलेला हा सरस गरम असताना लावतात. वाळला की तो काचेसारखा कडक होतो, पण ऊब आणि ओल मिळताच पुन्हा सुटतो. झुकलेली मान पुन्हा बसवायची असेल तर पेटीच्या सांध्यालगतचा एक पडदा उपसतात, त्याच्या खाचेतून बारीक छिद्र पाडून वाफ सोडतात, आणि पारव्याच्या शेपटीसारखा पसरट कापलेला सांधा हळूहळू सैल झाला की मान उचलून घेतात. मग मानेच्या टाचेचे लाकूड पटाशीने कागदाच्या जाडीइतके छिलायचे, जोडून पाहायचे, पुन्हा छिलायचे, असे चालते. तबलीची चीर मिटवताना तिच्या आतल्या बाजूस स्प्रूसची नखाएवढी थिगळे लावतात. थिगळाचे रेषे चिरेला आडवे ठेवावे लागतात, एरवी थिगळही त्याच रेषेत फाटते. आधुनिक कृत्रिम गोंदाने उरकलेली जुनी दुरुस्ती सोडवणे मात्र जिकिरीचे असते, आणि पुढच्या कारागिराचा विचार न करणाऱ्या अशा दुरुस्तीला नासधूसच म्हणावे लागेल.

मूळ झिलई चपड्या लाखेची. त्या काळी जगाला लाख मुख्यत्वे भारतातून जाई, आणि पळस-कुसुमाच्या फांद्यांवरील किड्यांचा हा स्राव स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर फिरवला की नवा थर जुन्यात मिसळून जातो. म्हणून जाणकार जुनी झिलई खरवडत नाहीत, उणी जागा तेवढी भरतात.

पाठ आणि कडा यांसाठी बहुधा ब्राझीलचे शिसवी लाकूड वापरीत. १९६९ च्या सुमारास ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर मार्टिनने भारतीय शिसवीचा आधार घेतला. पण आपल्या शिसवीचा रंग जांभळट आणि रेषा सरळ, तर ब्राझीलच्या लाकडात तांबूस छटा आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा, त्यामुळे जुन्या पाठीवर नवे ठिगळ लपत नाही. १९९२ पासून ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार हस्तिदंताच्याच रांगेत, सर्वांत कडक निर्बंधाखाली आला, आणि त्यामुळे दीडशे वर्षांच्या गिटारीला विक्रीसाठी देशाची सीमा ओलांडताना आपल्या वयाचा सरकारी दाखला सोबत बाळगावा लागतो.