घरगुती सेप्टिक टाकी : उपसा कोणाकडून करावा?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वपरिचित आहे. हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅट क्षमतेचे वीजगृह आहे. पाणी आणि पक्के शौचालय घरात आले की मैला कोठे जावा, हा प्रश्नही पाठोपाठ येतो. भूमिगत गटारे नसलेल्या गावांत त्याचे प्रचलित उत्तर म्हणजे सेप्टिक टाकी.

या टाकीत हवेवाचून जगणारे जंतू मैला कुजवितात. गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. मैला पूर्णपणे नाहीसा होत नाही, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या विस्मरणात जाते. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसला नाही, तर तो पाण्याबरोबर वाहून शोषखड्डा बुजवितो. मराठवाड्यातील काळ्या जमिनीत पाणी मुळातच सावकाश मुरते. त्यामुळे घाण लवकरच अंगणात दिसू लागते.

शहरांलगतच्या काही वसाहतींत आता हवा खेळविणाऱ्या टाक्या बसविल्या जातात. विजेच्या पंपाने सतत हवा सोडल्यामुळे मैला लवकर कुजतो व बाहेर पडणारे पाणी अधिक स्वच्छ असते. परंतु वीज गेली की ही टाकी साध्या टाकीसारखीच होते; आणि गाळ तिच्यातूनही काढावाच लागतो.

खरा धोका या उपशात आहे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड साचतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. 'वास नाही, म्हणजे वायू नाही' हा समज म्हणूनच प्राणघातक ठरतो. आत उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला वाचविण्यासाठी उतरणारेही त्याच वायूला बळी पडतात. मे २०२३ मध्ये याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे, सेप्टिक टाकीच्या सफाईच्या कामात पाच मजुरांचा मृत्यू झाला.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार, संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा केवळ नगरपालिकांना लागू नाही. रोजंदारीवर माणूस बोलावणारा घरमालकही त्याच्या कक्षेत येतो. अशा कामातील मृत्यूबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली.

म्हणून उपशाचे काम परवानाधारक व्यावसायिकाच्या यांत्रिक टँकरकडेच द्यावे. गावात अशी सोय नसल्यास ग्रामपंचायतीने जवळच्या नगरपालिकेकडे चौकशी करावी. येलदरीस जिंतूर जवळचे. चार-पाच घरांनी एकाच दिवशी टँकर बोलावल्यास खर्च विभागला जातो. टाकी बांधतानाच तिचे झाकण टँकरची नळी पोहोचेल अशा जागी ठेवावे. अनेक घरांत ते फरशीखाली गाडलेले असते! नवीन बांधकामात जागा असल्यास दोन खड्ड्यांचे शौचालय अधिक सोयीचे. एक खड्डा भरला की दुसरा वापरावा. पहिल्यातील मैल्याचे सुमारे दोन वर्षांत खत होते.

टँकरवाल्याला पैसे देण्यापूर्वी उपसलेला मैला तो कोठे रिकामा करणार, हे विचारून घ्यावे. तो नाल्यात ओतला, तर पहिल्याच मोठ्या पावसात पूर्णेच्या पाण्यात उतरतो.